लांब टोकाची चांदणी

शरणपूर रोडच्या त्या सुरूला
डिसेंबरात दिवे लागायचे तेव्हा
सिग्नल हिरवा झाला तरी रिक्षा हलायच्या नाहीत.
म्हसरूळहून, सिडकोतून माणसं यायची,
पोरं खांद्यावर, कानटोप्या भुवयांपर्यंत,
आणि वर बघून कुणी ना कुणी म्हणायचंच:
चांदणीचं एक टोक लांब आहे.

मला माहीत होतं ते का.

शांतवन त्रिभुवन नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले
त्या हिवाळ्यात आमच्या तांबट आळीत आले,
सायकलच्या कॅरिअरला जुनं घंगाळ बांधून.
म्हणाले, ह्याच्या बुडाचा तारा करून द्या.
बापू म्हणाले, बंब केलेत, हंडे केलेत,
एकदा देवळाचा कळस केलाय,
चांदणी नाही केली कधी. टोकं किती?
त्रिभुवन जरा गोंधळले.
पाच करा, म्हणाले.
पुस्तकात मोजून दिलेली नाहीत.

दोन दिवस ठोकठोक.
शेवटच्या टोकाशी पत्रा उरला चार बोटं,
आणि कापायला बापूंचा हात होईना.
राहू दे, म्हणाले,
कुणाला तरी वाट दाखवायला लागेल.
मजुरी मात्र पूर्ण घेतली. केक वेगळा.

तेव्हापासून दर वर्षी
चर्चच्या पोटमाळ्यावर काळवंडलेली ती
नाताळाआधी दहा दिवस आमच्याकडे यायची.
मी चिंच भिजत घालायचे, मीठ, चिमूटभर राख,
अंगठ्याने घासत जायचे टोकापर्यंत,
चार वेळा सारखंच,
पाचव्यांदा जरा पुढे.
आई ओरडायची, घरच्या समया राहिल्यात!

मग गणपती मंडळाचा वाल्मीक
त्याच दिव्यांच्या माळा घेऊन सुरूवर चढायचा,
सप्टेंबरचा गुलाल अजून होल्डरमध्ये.
बांधायला तार द्राक्षबागेतली,
मोहाडीहून एस्तेरबाई पाठवायच्या ती.
आणि खाली मफलरात त्रिभुवन:
डावीकडे. अजून डावीकडे. अरे तुझ्या डावीकडे!

ते गेले तेव्हा चांदणी वरच होती.
सहा जानेवारीला उतरवायची असते,
पण कोण म्हणणार, उतरवा?
राहिली.
ऊन लागलं, दव लागलं, हिरवी पडत गेली,
एप्रिलपर्यंत झाडात दिसेनाशी झाली.

मग एका दुपारी गारा, वारा,
आणि सुरू आडवा, रसवंतीच्या छपरावर.
कुणाला लागलं नाही.
महापालिकेची करवत आली,
दोन तासांत रस्ता मोकळा.
चांदणी रसवंतीवाल्या अझीमने
बर्फाच्या पेटीत भुशाखाली ठेवलेली.
मी शोधत गेले तर म्हणाला,
तुमच्या आळीचीच ना? ठोके दिसतात.

लांब टोक दुमडलं होतं.
बापूंना आता नजर नाही.
बोटांनी टोकं मोजली, शेवटच्यावर थांबले,
लाकडी हातोडी मागितली.
तीन वर्षांत पहिल्यांदा
आमच्या घरातून आवाज गेला आळीत.

यंदा तिथे नवा सुरू आहे.
त्रिभुवनांच्या नातीने, रूपलेखाने लावलेला,
माझ्या गुडघ्याएवढा.
चांदणी सव्वा किलोची,
अडकवली असती तर आडवाच झाला असता.
म्हणून दोन विटा, वर चांदणी, बुंध्याशी.
वाल्मीकने एकच माळ आणली, तीही उरली.

निफाडची थंडी अंगावर घेत
लोक आले नेहमीसारखे
आणि सवयीने वर बघत राहिले.
वर होर्डिंग, केबलची जाळी, आभाळ.
खांद्यावरच्या एका पोराला आधी दिसलं.
उतरव, म्हणाला बापाला.

मग एकेक जण वाकला.
काहींनी रस्त्यातच उकिडवं बसून
लांब टोकाला बोट लावून पाहिलं,
बोटाला चिंचेचा वास.

सिग्नल हिरवा झाला.
मागचे हॉर्न वाजवत राहिले,
त्यांना दिसतच नव्हतं
आम्ही सगळे कशाला वाकलोय.